मैनमुळाचा अर्क आणि उंदरांची चरबी : नक्की काय सिद्ध झालंय?

ग्लिसरॉल

जिममध्ये विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलच्या डब्यांवर 'चरबी विरघळवते, प्रयोगशाळेत सिद्ध' अशी ओळ हमखास असते. मैनमुळाच्या मुळातल्या फोर्सकोलिन या रसायनाच्या बाबतीत ही ओळ खोटी नाही. फक्त ती अर्धीच छापलेली असते, आणि उरलेली अर्धी जास्त मजेदार आहे, म्हणून हा धागा. मी जीवरसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. वजन घटवण्याचे सल्ले माझ्याकडे मागू नका, माझं स्वतःचं पोट बघून तुम्हीच परत जाल.

मैनमूळ हे तुळशीच्या कुळातलं झुडूप. शास्त्रीय नाव कोलियस फोर्सकोली. जाडसर, गाजरासारखी वासाळ मुळं येतात. गुजरातेत त्यांचं गरमर नावाने लोणचं घालतात, काहींनी खाल्लंही असेल. आपल्याकडच्या डोंगरउतारांवर, नेपाळात आणि पूर्व आफ्रिकेतही ही वनस्पती सापडते.

तिच्या मुळातलं फोर्सकोलिन हे रसायन पहिल्यांदा हाती लागलं ते आपल्या मुलुंडला. सत्तरच्या दशकात तिथल्या हेक्स्ट संशोधन केंद्रात भारतीय औषधी वनस्पतींचे अर्क एकामागून एक तपासले जात होते. शोध चालला होता रक्तदाब आणि हृदयावरच्या औषधांचा, चरबी कुणाच्या डोक्यातही नव्हती. १९७७ साली भट, बाजवा, डि सूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेणूची रचना प्रसिद्ध केली. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच वनस्पतीतून 'कोलिओनॉल' वेगळं केलं होतं. पुढे दोन्ही एकच असल्याचं निघालं.

१९८१ मध्ये अमेरिकेत सीमन, पॅजेट आणि डॅली यांनी हा रेणू नेमकं काय करतो ते दाखवलं. उपास घडला किंवा जिवाची धावपळ झाली की ॲड्रेनॅलिन चरबीपेशीच्या बाहेरच्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) येऊन बसतं. ग्राही आतल्या जी-प्रथिनाला जागं करतो, ते ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला), आणि तो विकर सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू तयार करतो. फोर्सकोलिन म्हणजे दारावरची बेल न वाजवता घरात शिरून थेट मेन स्विच दाबणारा पाहुणा. ग्राही नको, संप्रेरक नको, ते सरळ त्या विकरालाच जाऊन चिकटतं.

सायक्लिक एएमपी वाढलं की प्रोटीन कायनेज ए हा दुसरा विकर कामाला लागतो. चरबीच्या थेंबाभोवती पेरिलिपिन नावाच्या प्रथिनाचं कुंपण असतं, ते सैल होतं. मग लायपेज म्हणजे चरबी तोडणारे तीन विकर पाठोपाठ ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे साठवलेल्या चरबीच्या रेणूचा, एकेक फॅटी ॲसिड तोडत जातात. शेवटी तीन फॅटी ॲसिड सुटे आणि एक ग्लिसरॉल मोकळा. (माझ्या टोपणनावाचा उलगडा झाला असेलच.)

आता उंदरांकडे. हा प्रयोग शक्य झाला मार्टिन रॉडबेल यांच्यामुळे. १९६४ मध्ये त्यांनी उंदराच्या चरबीचा तुकडा कोलॅजिनेज या विकराने पचवून सुट्या चरबीपेशी मिळवायची रीत काढली. तुकडा पचला की नळी हलकेच फिरवायची. बाकीच्या पेशी तळाला बसतात आणि चरबीपेशी वर तरंगतात, कारण त्यांच्या पोटात तेलच तेल. वरचा थर अलगद उचलायचा, ३७ अंशांवर क्षारद्रावणात ठेवायचा, द्रावणात अल्ब्युमिन घालायचं आणि वाट पाहायची.

मोजायचं काय? ग्लिसरॉल. फॅटी ॲसिड मोजले तर हिशेब चुकतो, कारण सुटलेल्यांपैकी बरेचसे पेशी आतल्या आत पुन्हा जोडून टाकते. ग्लिसरॉल पुन्हा वापरायला लागणारा विकर मात्र चरबीपेशीत जवळजवळ नसतो, म्हणून तो मुकाट बाहेर पडतो. १९८२ मध्ये लिटोश, फेन आणि सहकाऱ्यांनी फोर्सकोलिन घालून उंदरांच्या चरबीपेशींत सायक्लिक एएमपी आणि चरबीचं विघटन दोन्ही वाढतं हे दाखवलं. तेव्हापासून हा परिणाम जगभरच्या प्रयोगशाळांतून इतक्या वेळा दिसलाय की त्याबद्दल वाद उरलेला नाही.

जिवंत प्राण्यात काय होतं हा वेगळा प्रश्न. २००५ मध्ये जपानमधल्या एका गटाने बीजांडकोश काढलेल्या उंदरांच्या माद्यांना मुळाचा अर्क दिला. बीजांडकोश काढले की माद्या लठ्ठ होतात, रजोनिवृत्तीनंतरच्या वजनवाढीची ती नक्कल समजतात. अर्काने वजन कमी वाढलं, चरबीही कमी साठली. पण त्या माद्यांचं खाणंही घटलं होतं! मग चरबी घटली ती पेशींतल्या विघटनामुळे की पोटात अन्नच कमी गेलं म्हणून? जाहिरातींत पहिली दोन वाक्यं येतात, तिसरं गळतं.

---

तिखटमीठ

सर, ही म्हणजे ओव्याच्या पानांची कुंडी का हो? आमच्या बाल्कनीत उदंड माजली आहे, पावसाळ्यात भजी होतात. वजन तर कमी झालं नाही कुणाचं!

---

ग्लिसरॉल

नाही ताई. पानओवा तिचा चुलतभाऊ म्हणा. गण तोच, जात वेगळी. त्याच्या जाड लोकरी पानांना ओव्याचा वास येतो तो थायमॉल-कार्व्हाक्रॉलसारख्या तेलांमुळे. फोर्सकोलिन मैनमुळाच्या मुळात असतं आणि तिथेही वाळल्या वजनाच्या शेकडा एकाहून कमीच. कुंडीतल्या शोभेच्या रंगीत कोलियसमध्येही ते शोधू नका. मुतखड्यासाठी पानफुटीला पत्थरचट्टा म्हणतात आणि मैनमुळाला हिंदीत पाथरचूर, त्यामुळे ऑनलाइन रोपं विकणाऱ्यांकडे तर सगळी खिचडी आहे. भजी मात्र खुशाल करा.

---

मुलुंड_पश्चिम

मुलुंडचं नाव आलं म्हणून लिहितोय. काका तिथे ग्रंथपाल होते. त्यांच्या बोलण्यात 'कोलियस' इतक्यांदा यायचं की आम्हा पोरांना ती कुणी बाई वाटायची. पुढे ते केंद्र पिरामलकडे गेलं. मुंबईत इतका मोठा शोध लागला आणि आपल्याला तो कॅप्सूलच्या जाहिरातीमुळे कळतो, हे काही बरं नाही.

---

गोठाडॉक्टर

चांगला धागा. मी पशुवैद्य, सगळी वर्षं सांगली-कोल्हापूर पट्ट्यात गेली. 'चरबीचं विघटन' हे शब्द ऐकले की तुम्हाला सडपातळ कंबर दिसते, मला आजारी गाय दिसते. जनावरांतल्या चरबीवर बोलायचं तर गोठ्यात यावंच लागेल.

एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय व्याली की दूध सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोचतं. भूक मात्र मागून येते, पुरेसं खाणं व्हायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात दुधासाठीची ऊर्जा खाण्यातून भागत नाही, म्हणून गाय अंगावरची चरबी उतरवते. सरांनी सांगितलेले तेच लायपेज, तेच सायक्लिक एएमपी, सगळं अर्क-बिर्क न देता आपोआप. रक्तात फॅटी ॲसिडचा लोंढा येतो आणि यकृतावर आदळतो.

यकृत त्यातला काही भाग जाळतं. पूर्ण जाळता आला नाही की कीटोन होतात. उरलेला पुन्हा ट्रायग्लिसराइड करून साठवतं, आणि गाईच्या यकृताला तो बाहेर पाठवणं फार संथपणे जमतं. एकीकडे कितनबाधा (रक्तात कीटोन वाढण्याचा आजार, किटोसिस), दुसरीकडे यकृतावर चरबी. जनावर वरून झडतंय आणि आतून यकृत चरबीने भरतंय! पोस्टमॉर्टेममध्ये असं यकृत पिवळट, फुगलेलं, बोटाने दाबलं तरी फुटणारं दिसतं.

ओळखायची खूण सांगतो, इथे गोठेवाले वाचत असतील. गाय आधी आंबोण (खुराक) सोडते, पण कडबा चघळत राहते. दूध उतरतं, अंग झपाट्याने उतरतं, श्वासाला गोडसर वास येतो. काही जणी वेड्यासारख्या दावण चाटत बसतात. रक्तात बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा कीटोन लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेलं की वरून काही दिसत नसलं तरी आत गडबड सुरू झाली असं आम्ही धरतो.

सगळ्यात जास्त धोका कुणाला? भाकड काळात खाऊन गुबगुबीत झालेल्या गाईला. मालक कौतुकाने दाखवतो, 'बघा डॉक्टर, कशी तयार झालीय.' मला तिथेच धडकी भरते. जितकी चरबी जास्त, तितका लोंढा मोठा.

आणि उपचार बघा. आमच्यात नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) देतात, तेही रुमेनमध्ये, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, फुकट जाऊ नये म्हणून आवरण घातलेलं. ते चरबीपेशीवरच्या वेगळ्या ग्राहीला धरून सायक्लिक एएमपी खाली आणतं. बरोब्बर फोर्सकोलिनच्या उलट. लोक ज्या विघटनासाठी पैसे मोजतात ते थांबवण्यासाठी माझे गिऱ्हाईक पैसे मोजतात.

---

टिवल्याबावल्या

म्हणजे 'चरबी विरघळली' म्हणजे 'चरबी गेली' नाही, ती फक्त घराबाहेर पडून वेशीवर उभी आहे. आमच्या सोसायटीच्या कचऱ्यासारखं. 😄

---

पेट्रीडिश

@टिवल्याबावल्या, अगदी तेच. विघटन आणि ज्वलन ही दोन वेगळी कामं आहेत. फॅटी ॲसिड रक्तात आले आणि स्नायूंना त्यांची गरज नसली तर ते फिरून यकृतात नाहीतर त्याच चरबीपेशीत जाऊन बसतात.

मी जर्मनीत चरबीपेशींवरच काम करते. आमच्या फ्रीजमध्ये फोर्सकोलिनची कुपी कायम असते, पण ते औषध म्हणून नाही. नवीन काही तपासताना पेशी जिवंत आहेत, यंत्रणा नीट चालतेय, हे आधी बघावं लागतं. एका खळग्यात फोर्सकोलिन घालायचं. तिथेही ग्लिसरॉल सुटलं नाही तर त्या दिवशीचा सगळा प्रयोग बाद. जगभर त्याचा मुख्य उपयोग आजही हाच आहे, आणि त्यासाठी मुलुंडचे आभार मानायला हवेत. पेशीच्या पडद्यात असलेल्या नऊ प्रकारच्या ॲडेनिलिल सायक्लेजपैकी आठ याला दाद देतात, फक्त नववा नाही. १९९७ मध्ये या विकराची स्फटिकरचना मिळाली तीसुद्धा फोर्सकोलिन चिकटलेल्या अवस्थेतच.

आता डब्यावरच्या दाव्याचं माप काढू. पेशींना आम्ही साधारण १० मायक्रोमोलर देतो. रेणुभार ४१०.५, म्हणजे लिटरमागे जवळपास ४ मिलिग्रॅम. माणसाने दिवसाला ५० मिलिग्रॅम घेतलं, त्यातला कण न् कण शोषला गेला, यकृताने काहीच मोडलं नाही आणि ७० किलोच्या अंगातल्या साधारण ४२ लिटर पाण्यात ते सारखं पसरलं, असं सगळं झुकतं माप दिलं तरी लिटरमागे १.२ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. ३ मायक्रोमोलरसुद्धा नाही. प्रत्यक्षात हा रेणू पाण्यात नीट विरघळत नाही, आणि पोटातून आलेल्या गोष्टींची पहिली गाठ यकृताशीच पडते. डिशमधला परिणाम अंगात तसाच उतरेल असं मानायला काही आधार नाही.

शिवाय समजा उतरला. ॲडेनिलिल सायक्लेज काय फक्त चरबीत आहे? हृदय, आतडं, रक्तवाहिन्या, थायरॉइड, सगळीकडे आहे. रक्तदाब उतरतो, ठोके वाढतात. फोर्सकोलिनपासून बनवलेलं कोलफोर्सिन डॅरोपेट जपानमध्ये हृदय अचानक निकामी होतं तेव्हा शिरेतून देतात. इतक्या ताकदीची वस्तू आहे ही.

उंदरांवरून माणसावर उडी मारली की काय होतं त्याचा याच रस्त्यावरचा जुना दाखला आहे. उंदीर-घुशींच्या चरबीपेशींवर ॲड्रेनॅलिनचे बीटा-३ नावाचे ग्राही भरपूर असतात. ऐंशीच्या दशकात त्या ग्राहीवर बसणारे रेणू आले. उंदरांत चरबी झरझर घटली आणि औषध कंपन्यांचे डोळे चमकले. माणसात फुसका बार. आपल्या पांढऱ्या चरबीत तो ग्राही फारच थोडा, आणि आपल्या ग्राहीची घडणही जरा वेगळी. त्या वर्गातलं मिराबेग्रॉन आज वारंवार लघवी लागण्यावर देतात, लठ्ठपणावर नाही.

आणि हे प्रयोग बहुतेक उंदराच्या वृषणांजवळच्या चरबीच्या गादीवर केलेले असतात, कारण ती काढायला सोपी. माणसात ती गादीच नसते.

---

चरकवाचक

वैद्य म्हणून दोन शब्द. तुम्ही मंडळी एक रेणू सुटा काढता, त्याला बादलीभर मात्रेत पेशींवर ओतता आणि मग म्हणता वनस्पती चालत नाही. आमच्याकडे मेद हा धातू आहे, त्याचा अग्नी मंद झाला की तो साठतो. उपचार आहार, विहार, दीपन-पाचन यांनी सुरू होतो. संपूर्ण वनस्पतीतली द्रव्यं एकमेकांना सांभाळून घेतात. सुट्या रसायनाचे दुष्परिणाम वनस्पतीच्या नावावर खपवू नयेत.

---

ग्लिसरॉल

वैद्यबुवा, आहार-विहारावर दुमत नाहीच. पण शेवटच्या वाक्याला ही वनस्पतीच आडवी येते.

२०१२ च्या सुमारास जपानमध्ये उंदरांच्या खाण्यात हाच अर्क मिसळून दिला गेला. फोर्सकोलिनचं प्रमाण ठरवलेला, बाजारात मिळतो तसा. मात्रा वाढेल तसं यकृताचं वजन वाढत गेलं आणि औषधं मोडणारे सायटोक्रोम पी-४५० गटाचे विकर भराभर वाढले. मग त्यांनी शुद्ध फोर्सकोलिन वेगळं देऊन पाहिलं. विकरांवर तसा परिणाम नाही! म्हणजे ही करामत अर्कातल्या दुसऱ्याच कुठल्या घटकाची. इथे सुटा रेणू त्या बाबतीत गरीब निघाला आणि 'संपूर्ण' अर्क खोडकर.

डब्यावर '१० टक्के फोर्सकोलिन' लिहिलेलं असतं. उरलेले ९० टक्के काय आहेत, हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते या अख्ख्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

माणसांवरचेही सांगतो, नाहीतर कुणीतरी विचारेलच. २००५ मध्ये दोन छोटे प्रयोग आले. एकात ३० लठ्ठ किंवा वजनदार पुरुष, १२ आठवडे, अर्क २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. चरबीचं प्रमाण नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा घटलं, पण एकूण वजनात म्हणण्याजोगा फरक नाही. दुसऱ्यात २३ स्त्रिया, तेवढेच आठवडे, आणि चरबीत लक्षणीय फरक नाही. जाहिरातीत कुठला प्रयोग येतो ते ओळखा. इतक्या थोड्या माणसांवरून मी तरी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. पण डबाही विकत घेणार नाही.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. ऑझ यांच्या टीव्ही कार्यक्रमाने याला डोक्यावर घेतलं आणि मागणी एकदम भडकली. त्याच वर्षी वजन घटवण्याच्या जाहिरातींवरून सिनेटच्या समितीने त्यांना समोर बसवून फैलावर घेतलं, तो भाग मात्र फॉरवर्ड होत नाही. जपानने २०२० पासून कोलियस फोर्सकोली हा विशेष काळजी घ्यायच्या चार घटकांत टाकलाय. तो असलेलं उत्पादन खाऊन कुणाला त्रास झाला तर कंपनीने सरकारला कळवणं तिथे सक्तीचं आहे.

---

चरकवाचक

९० टक्क्यांचा मुद्दा मान्य. मात्र बाजारातला अर्क आणि आमचं चूर्ण किंवा काढा एक नव्हे. अल्कोहोलने किंवा आणखी कशाने काय-काय ओढून काढलंय त्यावर सगळं ठरतं. अर्काला वनस्पतीची पुण्याई लावू नये आणि वनस्पतीला अर्काचं पाप लावू नये, इतकंच म्हणतो.

---

पेट्रीडिश

हे मात्र वैद्यबुवांचं बरोबर आहे. कुठल्या द्रावकाने अर्क काढला हे न लिहिलेला शोधनिबंध मी बाजूला ठेवते.

---

भिंगरी

इथे विचारणं योग्य आहे का माहीत नाही. बाबांची हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ राहायला वॉरफेरिन चालू आहे. भाऊ त्यांच्यासाठी याच कॅप्सूल घेऊन आलाय, 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' म्हणतो. बाबांनी अजून सुरू केल्या नाहीत. हे वाचून मला भीती वाटतेय.

---

ग्लिसरॉल

सुरू करू नका. ज्या विकरांबद्दल मी वर लिहिलं तेच वॉरफेरिन मोडतात. त्याच जपानी गटाने वॉरफेरिन दिलेल्या उंदरांना हा अर्क खाऊ घातला, तेव्हा रक्त न गोठू देण्याचा औषधाचा परिणाम कमी पडला. कृत्रिम झडप असलेल्या माणसात तसं झालं तर झडपेवर गुठळी धरू शकते. उंदरात दिसलं ते माणसात होईलच असं नाही, पण इथे तो प्रयोग बाबांवर करून पाहायचा नाही. डबा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढच्या आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या) तपासणीपर्यंत थांबू नका, फोन करून विचारा.

---

गोठाडॉक्टर

सरांशी सहमत. आणि भावाला सांगा, रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन्हींनी दाब उतरला तर म्हातारा माणूस चक्कर येऊन पडायचा.

---

भिंगरी

डबा कपाटात कुलूपबंद केलाय. डॉक्टरांच्या सहायकाने उद्या सकाळची वेळ दिलीय. मनापासून आभार.

---

कऱ्हाकाठ

मी शेतकरी. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक जण याच मुळ्यांच्या करार शेतीची फाइल घेऊन आला होता. 'परदेशात प्रचंड मागणी, हमीभावाने परत घेऊ.' सफेद मुसळीच्या वेळी गावात काय झालं ते वडिलांनी पाहिलंय. तेव्हा बेणं सोन्याच्या भावात विकलं आणि माल घ्यायला कुणी फिरकलं नाही. म्हणून मी हात जोडले. पण पीक खरंच आहे का हे?

---

ग्लिसरॉल

पीक खरं आहे. तामिळनाडूत सेलमकडे आणि कर्नाटकात त्याची शेती होते. शेंड्याची छाटं लावतात, पाच-सहा महिन्यांत मुळं काढून चकत्या करून वाळवतात. मुळावर गाठी करणारे सूत्रकृमी आणि मर रोग हे त्याचे दोन मोठे वैरी, दोन्ही मुळावरच घाला घालतात आणि विकायचं असतं तेच मूळ. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात हे पीक घेऊ नका. आणि मागणी टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने वर जाते तशी एका बातमीने खाली येते. खरेदीदाराची सही, फोर्सकोलिनची टक्केवारी कोण तपासणार आणि कमी भरली तर भाव काय, हे तिन्ही कागदावर नसेल तर तुम्ही हात जोडलेत तेच बरं.

---

तिखटमीठ

एक विचारू? त्या उंदरांचं पुढे काय होतं?

---

पेट्रीडिश

मारावं लागतं. चरबीचा तुकडा दुसऱ्या मार्गाने मिळत नाही. जर्मनीत परवानगीच्या अर्जात किती प्राणी, का इतकेच, पेशींवर का भागत नाही, हे सगळं लिहावं लागतं. भारतातही संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागतेच. आता बरंच काम शस्त्रक्रियेत निघालेल्या माणसाच्या चरबीवर, म्हणजे लोकांनी संमती देऊन दिलेल्या तुकड्यांवर होतं. त्यामुळे उंदीरही वाचतात आणि उत्तरही माणसाचंच मिळतं. मी तरी तिकडेच वळलेय.

---

कऱ्हाकाठ

@गोठाडॉक्टर, साहेब, मैनमूळ राहू द्या, माझ्या कामाचं विचारतो. माझी एचएफ व्याल्यापासून तिसरा आठवडा चालू आहे. आंबोण सोडलीय, कडबा खाते, दूध १८ लिटरवरून ११ वर आलं. शेजारचे म्हणतात रोज किलोभर गूळ चार, ताकद येईल. चारू का?

---

गोठाडॉक्टर

गूळ नको. माणसाला गुळाने साखर मिळते, गाईला नाही. तिच्या रुमेनमधले जिवाणू गूळ आधी स्वतः आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक आम्लही बरंच तयार होतं. त्याचे पुन्हा कीटोनच होतात. वर किलोभर गुळाने रुमेन आंबट होऊन पोट बंद पडेल ते निराळंच.

आज संध्याकाळच्या आत जवळच्या पशुवैद्याला बोलवा आणि मूत्राची कीटोनपट्टी लावायला सांगा. कितनबाधा निघाली तर शिरेतून डेक्स्ट्रोज आणि तोंडाने प्रोपिलीन ग्लायकॉल, साधारण ३०० मिली रोज, काही दिवस, हा नेहमीचा उपचार आहे. ते यकृतात जाऊन ग्लुकोज होतं आणि चरबी उतरायचा वेग मंदावतो. नळीने पाजताना मान फार वर उचलू नका. ठसका लागून फुप्फुसात गेलं तर गाय हातची जाईल.

व्याल्यावर जार (वार) वेळेवर पडली होती का, आणि गर्भाशयाची काही घाण येते का, हेही त्यांना सांगा. दुसऱ्याच दुखण्याने खाणं सुटून मागाहून कितनबाधा झालेली मी पुष्कळदा पाहिलीय. तसं असेल तर नुसत्या सलाइनने गाय दोन दिवस उठेल आणि पुन्हा बसेल. पट्टीचा रंग काय आला ते इथे कळवा.